आकाशातून आलेल्या गोळ्याचे तीर्थ

त्या दुपारी गंगव्वाच्या अंगणात मी नेमके काय केले, याच्या तीन हकिकती आज प्रचलित आहेत आणि तिन्ही चुकीच्या आहेत. पहिली माझे कनिष्ठ सहकारी शेषगिरी यांची. आमच्या केंद्रातील निवृत्तांच्या स्मरणिकेत त्यांनी लिहिले की, औरादकर सरांनी, म्हणजे मी, ग्रामस्थांची भीती घालवण्यासाठी, परिणामांची पर्वा न करता, ते पाणी सर्वांसमक्ष प्राशन केले. दुसरी हकीकत एका तेलुगू दैनिकाच्या जिल्हा पुरवणीतली. तिच्यानुसार एक निवृत्त शास्त्रज्ञ नको ते पाणी प्यायला, मग घाबरला आणि रुग्णवाहिकेत सर्वांच्या आधी चढून बसला. तिसरी हकीकत छापील नाही, परंतु तिचा प्रसार उरलेल्या दोहोंपेक्षा अधिक आहे, कारण ती माझ्या पत्नीची आहे. हैदराबादेत काचीगुड्याच्या आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगते, "यांच्या हातावर कोणी काही ठेवलं की हे घेतात. तीर्थ असो, नाहीतर स्टेशनबाहेर वाटतात ती जाहिरात असो."

या तिघांपैकी एकही त्या अंगणात हजर नव्हता. शेषगिरी शहरात आपल्या वातानुकूलित खोलीत होते, वार्ताहर दुसऱ्या दिवशी आला आणि पत्नी घरी होती. शिवाय ज्या व्यक्तीचे त्या दिवशी खरोखर काही पणाला लागले होते, ती सात महिन्यांची गरोदर लावण्या, गंगव्वाची सून, या तिन्ही हकिकतींत कोठेच नाही. माझा मुख्य आक्षेप तो आहे.

या अंकाचे संपादक हिमायतनगराहून मुद्दाम आले आणि "नोकरीतले काही अनुभव लिहा, लोकांना समजतील असे" म्हणाले. मी कोणत्या साली कोठे रुजू झालो आणि कोणत्या साली बढती मिळाली, हे कोणालाही वाचायचे नसते. मिळालेली पाने मी या एका प्रकरणाचा निकाल लावण्यासाठी वापरणार आहे. निकाल लागेल, अशी लिहायला बसताना माझी खात्री होती.

आधी धंदा समजून घ्यावा लागेल. उपग्रह वर कसा जातो हे सांगणारे पुष्कळ आहेत आणि सत्कारही त्यांचेच होतात. तो खाली कसा येतो हे पाहणाऱ्यांची खोली आमच्या केंद्रात जिन्याखाली होती. मी नोकरीचा मोठा भाग तेथे काढला आणि मला त्याचे वैषम्य नाही.

निकामी झालेला उपग्रह कायम वर राहत नाही. जमिनीपासून काही शे किलोमीटरवरही हवा असते. तिला हवा म्हणणे धाडसाचे ठरेल इतकी ती विरळ, पण असते. ती उपग्रहाचा वेग थोडा थोडा खाते, तो थोडा खाली येतो, खाली हवा जरा दाट, म्हणून वेग आणखी जातो. येथपर्यंत कोणालाही समजते. पंचाईत पुढे आहे. सूर्यावर खळबळ झाली की ही वरची हवा तापून फुगते आणि कालचे गणित आज फुकट जाते. नियंत्रण सुटलेला उपग्रह कोलांट्या खात असतो. तो रुंद बाजूने हवेला भिडला तर लवकर येतो, अरुंद बाजूने भिडला तर रेंगाळतो, आणि तो कोणत्या बाजूने भिडतो आहे हे खालून नीट कळत नाही. त्यातच तो सुमारे दीड तासात पृथ्वीची एक फेरी पुरी करतो. माझा अंदाज दीड तासाने चुकला, की उपग्रह मधल्या वेळात सगळी पृथ्वी हिंडून आलेला असे. त्यामुळे पडायच्या दिवशी सकाळीसुद्धा आम्ही इतकेच सांगू शकत होतो की, तो अमुक एका पट्ट्यात कोठेतरी पडेल. त्या पट्ट्यात अनेक देश येत आणि अनेक समुद्र येत.

लोकांना पट्टा नको असे. एका फंक्शन हॉलच्या मालकाचा फोन मला अजून आठवतो. त्याच्याकडे त्या दिवशी मोठे लग्न होते.

"साब, गिरता कि नै गिरता, इत्ता बोलो."

"अब्बी नै बोल सकते."

"कब बोल सकते?"

"गिरने के बाद."

"गिरने के बाद तो मैं बी बोल देतूं, साब. तुमारी तनखा कायकी?"

या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला नोकरीभर सापडले नाही. गौलीगुड्याचे एक वकील, जे माझ्या वडिलांना ओळखत, दर वेळी अगत्याने विचारीत की तुकडा भाडेकरूच्या खाटेवर पडला तर मालक जबाबदार की ज्याचा उपग्रह तो देश. मी त्यांना सांगे की पृथ्वीवर पाणी फार आहे, मोकळी जमीन फार आहे, आणि माणसाच्या अंगावर तुकडा पडण्याची शक्यता नगण्य आहे. ते म्हणत, "नगण्य म्हणजे आहे ना? मग उत्तर द्या."

उपग्रहाचा बहुतेक भाग वरच जळून जातो. उरल्याच, तर त्याच्या टाक्या उरतात. त्या गोल असतात, सहजी न वितळणाऱ्या धातूच्या किंवा कार्बनच्या तंतूंनी गुंडाळलेल्या. काहींमध्ये हीलियम वायू असतो, तो निरुपद्रवी. काहींमध्ये हायड्रॅझिन नावाचे इंधन असते, ते विषारी. पोटात गेले तर यकृतावर आणि मेंदूवर परिणाम करणारे. खाली येईपर्यंत टाकी सहसा फुटून रिकामी झालेली असते. सहसा. हा शब्द आमच्या खोलीत फार वापरला जाई.

आता प्रकरण. मी निवृत्त होऊन काही वर्षे लोटली होती, तरी असा प्रसंग आला की केंद्र मला सल्लागार म्हणून बोलावी. तो उपग्रह कोणाचा होता हे मी लिहीत नाही, कारण ज्यांचा होता त्यांनीही ते धडपणे मान्य केलेले नाही. पहाटे शेषगिरींनी सर्व जिल्ह्यांना संदेश पाठवला की, उपग्रह बहुधा समुद्रात पडला आहे. त्या वाक्यातला ‘बहुधा’ माझ्या आग्रहाने घातलेला होता, हे स्मरणिकेत नमूद नाही.

सकाळी आरडीओ बाईंचा, म्हणजे महसूल खात्याच्या उपविभागीय अधिकाऱ्यांचा, फोन आला. बिदरच्या वाटेवरच्या एका गावात तुरीच्या शेतात एक काळा गोळा सापडला होता. मी शेषगिरींना फोन लावला.

"सर, आपला उपग्रह समुद्रात पडला आहे."

"मग हा कोणाचा?"

"तो तिथे असायलाच नको."

"शेषगिरी, तो तिथे आहे. लोकांनी त्याला हळद लावली आहे."

मग ते म्हणाले, "सर, तुम्हाला मराठी येतं. तुम्हीच जा."

हे खरे होते. ते गाव जुन्या हैदराबाद संस्थानाच्या अशा कोपऱ्यातले आहे जेथे एकाच घरात सासू मराठी बोलते, सून तेलुगू बोलते आणि दोघी भांडतात दखनीत. मला काम स्पष्ट नेमून दिले होते. लोकांना गोळ्यापासून दूर ठेवावे, कोणी त्याला शिवले असल्यास त्यांना तपासणीसाठी दवाखान्यात पाठवावे, आणि तो कशाचा आहे हे सांगता आल्यास सांगावे.

गावाच्या तोंडाशी आरडीओ बाई जीपला टेकून उभ्या होत्या. बाई वयाने माझ्या मुलीएवढ्या, हुशार, आणि पहाटेपासून उपाशी.

"सर, गोळा कधी पडला ते तरी ठरवा. एक म्हणतो पहाटे धडाका ऐकला. दुसरा म्हणतो काल संध्याकाळीच शेतात दिसला होता. आणि तो पोलीस पाटलाचा भाऊ म्हणतो, उगादीच्या पाडव्यापासून तिथेच आहे, आम्ही त्यावर बसून विड्या ओढल्या."

"त्याला दूर ठेवा," मी म्हणालो.

"ठेवला होता. आता तो म्हणतो, मी धडाकापण ऐकला."

गोळा शेतात राहिला नव्हता. सकाळीच चार जणांनी तो घोंगडीत घालून गंगव्वाच्या अंगणात आणला होता आणि म्हशींच्या गोठ्याशेजारी ओट्यावर मांडला होता. मोठ्या हंड्याएवढा, काळाठिक्कर. त्यावरचे कार्बनचे तंतू जळून सुटले होते आणि चहूबाजूंनी लोंबत होते. अगदी केसांसारखे. आमच्या या सरहद्दीच्या भागात कोणाच्या डोक्यात जट आली की ती देवीची मानतात, तिला कात्री लावत नाहीत. आकाशातून गोल, काळे, जटा सुटलेले काही आले, तर ते येल्लम्माचे मस्तक नाही असे त्या गावात कोण म्हणणार? त्यांची चूक असेल, पण ती डोळे उघडे ठेवून झालेली चूक होती. मी स्वतः फाटकातून आत आलो तेव्हा प्रथम मला मस्तकच दिसले.

तंतू गुंडाळलेली टाकी बहुतेक वेळा वायूची असते, म्हणून माझ्या मनाने आधी हीलियमची बाजू घेतली. मग मी वाकून पाहिले. खालच्या बाजूस उघडा धातू होता आणि एक तुटलेली नळी. इंधनाच्या टाकीलाही तशी नळी असते. वास घ्यावा म्हणून नाक जवळ नेले. हायड्रॅझिनला अमोनियासारखा उग्र वास येतो. अमोनियाचा वास येत होता. पण मी म्हशींच्या गोठ्याशेजारी उभा होतो. चार पावले मागे जाऊन पाहिले, तेथेही तोच वास. पुन्हा जवळ आलो, तर कापूर आणि ऊद. मी माझ्या आयुष्यात इतका गोंधळलो नव्हतो आणि भोवती दीडदोनशे माणसे माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती.

तेवढ्यात गंगव्वा समोर आली. साठी उलटलेली, कपाळभर कुंकू, कमरेवर तांब्याची कळशी. सकाळपासून ती गोळ्याला स्नान घालून ते पाणी तीर्थ म्हणून वाटत होती, हे मला अद्याप कोणी सांगितले नव्हते.

"हैद्राबादहून आलाव, सायेब?"

"हो. मी याची तपासणी करायला आलो आहे."

"करा की. कोण नको म्हणायलंय? आधी तीर्थ घ्या."

आणि येथे वादाचा मुद्दा आहे. माझे लक्ष त्या तुटलेल्या नळीकडे होते. ती वायूची की इंधनाची, एवढाच विचार डोक्यात चालू होता. तळहातावर गार पाणी पडले, हात तोंडाकडे गेला, मग डोक्यावरून फिरला. ते धैर्य नव्हते. धैर्याला आधी ठरवावे लागते. ती भीती नव्हती. भीतीला आधी कळावे लागते. आणि माझ्या पत्नीच्या म्हणण्याप्रमाणे ती निव्वळ सवय होती, तर मग मला पाण्यातली हळद जिभेवर कशी आठवते? सवयीने केलेल्या गोष्टीची चव आठवत नाही. मग ते काय होते, असे संपादकांनी मला विचारले. मी त्यांना म्हटले, तेच शोधण्यासाठी लिहितो आहे.

मागून कोणीतरी म्हणाले, "सायबांनी घेतलं, सायबांनी घेतलं." मग तेच तेलुगूत गेले, मग दखनीत. मला भान आले तेव्हा कळशीभोवती रांग लागली होती.

मी आवाज चढवला. "हे पाणी कोणीही पिऊ नका. यात विष असू शकतं. ज्यांनी घेतलं असेल त्यांनी तपासणीला चला. गाडी उभी आहे."

गंगव्वाने कळशी खाली ठेवली. "मग तुमी कसं घेतलाव?"

"माझं सोडा. मी म्हातारा आहे."

"मी बी म्हातारीच हाय. मी बी घेतलंय."

कोणीतरी दखनीत हसून म्हणाले, "सार पीके खड़े हैं, अच्छे हैं. अपन को कायका डर?"

"विष लगेच दिसत नाही," मी म्हणालो.

"सायेब, एक सांगा," गंगव्वा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ती खरोखर विचारत होती. "हाय का नाही हाय? विष?"

पुन्हा तोच फंक्शन हॉलचा मालक माझ्यासमोर उभा होता. मी म्हणालो, "सांगता येत नाही."

वार्ताहराने लिहिले की मी ‘काही धोका नाही’ म्हणालो. शेषगिरींनी लिहिले की मी ‘धोका पत्करतो’ म्हणालो. मी ‘सांगता येत नाही’ म्हणालो. त्या अंगणातल्या एकाही माणसाला हे शब्द आज आठवत नाहीत. मी नंतर विचारून पाहिले आहे. ‘आहे’ लोकांच्या लक्षात राहते, ‘नाही’ लक्षात राहते. न सांगता येणे कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि माझे सारे आयुष्य त्याच एका वाक्यात गेले.

आरडीओ बाई माझ्या कानाशी आल्या. "सर, बाकीचे जाऊ देत. ती पायरीवर बसली आहे ना, हिरव्या साडीतली, ती सात महिन्यांची आहे. पहिलं तीर्थ तिलाच दिलंय, सकाळी."

घरात गरोदर सून असली की पहिला मान तिचा, हे मला ठाऊक होते. लावण्या ओट्याच्या खालच्या पायरीवर बसली होती. वीस-बावीस वर्षांची असेल. दोन्ही हात पोटावर. ती वर माझ्याकडे पाहत होती, चेहऱ्याकडे नव्हे, हाताकडे. तेव्हा मला वाटले की ती लाजते आहे.

मी गंगव्वाला म्हणालो, "आपलं दोघांचं राहू द्या. हिला पाठवा."

"हिला काय होतंय? देवीनं दिलंय, देवी बघल."

"आणि नाही बघितलं तर?"

गंगव्वा ऐकणारी दिसेना. सून जागची हलेना. सूनबाईचा नवरा कामाला बाहेरगावी होता. आरडीओ बाई पोलीस बोलावू का म्हणून विचारू लागल्या. गरोदर मुलीला पोलिसांनी गाडीत घालायचे, आणि तेही मी स्वतः तीर्थ घेतल्यानंतर? मी नको म्हटले. मग मी फाटकाबाहेर गेलो आणि रुग्णवाहिकेत चढून बसलो. होय, सर्वांच्या आधी. वार्ताहराचे एवढे वाक्य बरोबर आहे आणि त्याचा अर्थ संपूर्ण चुकीचा आहे. जो प्यायला त्याने तपासणीला जावे, हे मी लोकांना सांगत होतो. मी गेलो नसतो तर कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

काही वेळ कोणीच आले नाही. चालकाने विडी पेटवली. मला वाटले, हरलो. मग लावण्या पायरीवरून उठली. हळू चालत आली आणि माझ्या समोरच्या बाकावर बसली.

"अगं, कुठं निघालीस?" गंगव्वा धावत आली.

"सार जातायत, अत्तम्मा. मी पण जाते," लावण्या म्हणाली. तिच्या तेलुगूत सासूला अत्तम्मा म्हणतात.

गंगव्वा कळशीसकट आत चढली. तिच्यामागून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत निम्मे गाव आले.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता आणि त्याच्यापुढे एकाएकी जत्रा उभी राहिली होती.

"टाकीत काय होतं, सर?"

"बहुधा हीलियम. कदाचित हायड्रॅझिन. रिकामी असण्याचा संभव अधिक."

"मी केसपेपरवर काय लिहू?"

"‘बहुधा’ लिहा."

"‘बहुधा’वर औषध काय देऊ?"

मला त्याचा राग आला नाही. त्याचा प्रश्न बरोबर होता. मी शेषगिरींना पुन्हा फोन लावला. त्यांनी सांगितले की तो गोळा दुसऱ्याच कोणत्यातरी रॉकेटच्या टप्प्यातला असावा, मग म्हणाले असेलच असे नाही, मग म्हणाले की वरिष्ठांना विचारतो. डॉक्टरने शेवटी सर्वांचे रक्त घेतले आणि कळशीतले पाणी एका बाटलीत भरून तपासणीला पाठवले.

लावण्या खाटेवर बसून होती. मी शेजारच्या स्टुलावर. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "सार, सकाळपासून बाळ हललं नाही."

हवा, वेग, कोलांट्या, पट्टा, सगळे मला येत होते, हे येत नव्हते. मी तिला इतकेच म्हणालो की डॉक्टरांना बोलावतो, आणि उठून बोलावले. बाळाचे ठोके ऐकण्याचे मशीन आले. डॉक्टरने पोटावर ते यंत्र फिरवले आणि फार वेळ काही ऐकू येईना. गंगव्वा देवीचे नाव घेऊ लागली. मीही घेतले, हे कोणाच्याच हकिकतीत नाही. मग एकदम ठोके ऐकू आले, घोडा भरधाव सुटावा तसे. लावण्याने डोळे मिटले. मिटण्याआधी तिने माझ्याकडे असे पाहिले, की जणू ते ठोके मी बरोबर आणले होते. दोन दिवसांनी सर्वांना घरी सोडले.

पाण्याचा अहवाल आला. त्यात काहीच दोष नव्हता. शेषगिरींनी स्मरणिकेत हाच अहवाल पुरावा म्हणून दिला आहे, म्हणून मला पुढचे लिहावे लागते. गंगव्वा दवाखान्यात उतरली तेव्हा कळशी अर्धी झाली होती. तीर्थ आटू देत नाहीत. कळशी अर्धी झाली की त्यात नवे पाणी घालतात, मग ते सगळेच तीर्थ होते. तिने दवाखान्याच्या नळाखाली कळशी धरली, मी पाहिले. सकाळपासून गावातही ती हेच करीत होती. त्या बाटलीत किती येल्लम्मा होती आणि किती नळाचे पाणी, हे कोणती प्रयोगशाळा सांगणार? त्याच कळशीतून बाटली भरल्याचे कळले तेव्हा मी डॉक्टरला हे सांगितले. तो म्हणाला, "सर, बाटली गेली."

गोळा आमच्या केंद्राने नेला, मग आमच्याकडून दुसऱ्या एका कार्यालयाने. त्यावरचा क्रमांक जळालेला होता. तो कोणाचा, कशाचा, वायूचा की विषाचा, हे मला अजून कोणी कळवलेले नाही. मी विचारीत असतो. ते ‘कळवू’ म्हणतात.

घरी परतलो तेव्हा पत्नीने शर्ट धुवायला घेतला आणि उजव्या बाहीवरचा पिवळा डाग मला दाखवला. "हे काय, कोपरापर्यंत?" मी म्हणालो, गोळ्याला हळद होती, हात लागला असेल. "हात लागला तर डाग बोटांना पडतो," ती म्हणाली. मी तो वाद तेथेच तोडला. पत्नीशी वाद घालण्याइतके ते महत्त्वाचे नव्हते.

गेल्या वर्षी लावण्याच्या मुलीचे जावळ होते. गंगव्वाने स्वतः फोन करून बोलावले. "तुमी नाही आलाव तर कात्री लागणार नाही." गेलो. त्याच ओट्यावर, गोठ्याशेजारी, आता एक गोल काळा दगड आहे. त्याला काथ्याच्या जटा लावल्या आहेत. गंगव्वा आल्यागेल्याला सांगत होती की सरकारने नेला तो दुसराच, खरा हाच. मी दुरुस्ती केली. तिने माझ्या हातात चहा दिला.

"गंगव्वा, एक विचारतो. त्या दिवशी तुम्ही माझ्या हातावर तीर्थ घातलंत. मी मागितलं नव्हतं."

"तुमीच हात पुढं केलाव की. मी कळशी उचललीबी नव्हती." तिने शेजारणीकडे वळून साक्ष मागितली. शेजारीण म्हणाली, "हौ, दोनदा."

म्हणजे आता चौथी हकीकत. मी तिच्याशी झगडण्याच्या तयारीत होतो, इतक्यात लावण्या मुलीला घेऊन जवळ आली. मुलीच्या तुळतुळीत डोक्यावर चंदन लावले होते. लावण्या हलक्या आवाजात, सासूला ऐकू जाणार नाही अशी, तिच्या मोडक्या मराठीत बोलली.

"सार, तुम्ही पिलं नव्हतं."

"मी प्यायलो होतो, पोरी. सगळ्यांनी पाहिलं."

"सगळे वर उभे होते. मी खाली पायरीवर होते. मला तुमचा हात खालून दिसला. तुम्ही बोटं उघडली. सगळं पाणी कोपरावरून खाली पडलं. तोंडाला नुसता हात लावला. तेव्हा मला कळलं. सारला माहीत आहे, हे चांगलं नाही. सगळ्यांसमोर बोलता येत नाही, म्हणून असं केलं. म्हणून मी गाडीत बसले."

माझ्या जिभेवर हळदीची चव अजून आहे. मी शपथेवर सांगू शकतो. पण त्या दिवशी त्या अंगणात हळद हवेतच होती, आणि त्या बाहीवर डाग होता. मी आयुष्यात कोणाचे चुकीचे विधान तसेच जाऊ दिलेले नाही. तिला दुरुस्त करायला मी तोंड उघडलेही. ती मुलीला कडेवर सावरत माझ्याकडे पाहत होती. मुलीने माझ्या चष्म्याला हात घातला. ज्या विधानावर विसंबून लावण्या गाडीत बसली, ते मी कोणत्या पुराव्याने खोडणार होतो?

तेवढ्यात गंगव्वा कळशी घेऊन आली. "सायेब, तीर्थ."

माझा हात पुढे आधी गेला की पाणी आधी पडले, हे मी यावेळी मुद्दाम लक्ष ठेवूनही सांगू शकत नाही. लावण्या माझ्या बोटांकडे पाहत होती. मी ते प्यायलो, निदान माझी समजूत तशी आहे. परतताना गाडीत बसलो तेव्हा उजवी बाही कोपरापर्यंत ओली होती.